आत्याची ओळ

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सात वाजता आत्याचा फोन आला, तेव्हाच वाटलं काहीतरी बिनसलंय. सकाळी सातला आत्या गोठ्यात असते. तिचा फोन संध्याकाळचा, डेअरीला दूध घालून आल्यावर. विषयही ठरलेले असतात: जेवलास का, पुण्यात थंडी किती, लग्नाचं काय ठरवलंस. त्या दिवशी तिनं यातलं काहीच विचारलं नाही.

"बाळा, टोळी येऊन गेली रं. दादाचा ऊस तुटला, शेजारच्याचा तर कधीच तुटला. माझंच रान मधी उभं हाय. चिटबॉयला विचारलं तर म्हणतो, मावशी तुमचं नाव यादीतच न्हाई. तू त्या यादीचंच काम करतोस न्हवं? बघ की जरा."

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. यादीचं काम मीच करत होतो.

फलटणहून बरडकडं जाताना आमचं गाव लागतं. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आहे, म्हणून ऊस आहे. आत्याचा तीस गुंठ्यांचा तुकडा विहिरीच्या मागं. दीड वर्षापूर्वीच्या जुलैत तिनं आडसाली लागण केली होती, ८६०३२ ची. म्हणजे नोव्हेंबरातच सोळा महिने भरले होते. ऊस पक्व झाल्यावर रानात उभा राहिला की वजन घटत जातं, आणि पुढच्या खोडव्याचं सगळं गणित लांबतं. शेजारच्या रानात नोव्हेंबरात तोड झाली होती. तिथला खोडवा एव्हाना गुडघ्याला आला होता. आत्याचा ऊस मात्र पाचट वाळवत उभा.

मी पुण्यात एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेसचं काम करतो. एका साखर कारखान्याचं ऊस नोंदणीचं काम आमच्याकडं आलं, तेव्हा मी स्वतःहून ते मागून घेतलं होतं. ऊस म्हणजे काय, गट म्हणजे काय, मुकादम कोण आणि चिटबॉय कोण, हे टीममध्ये मलाच माहीत होतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कोण अभिमान वाटला होता. 'आमच्या पोराच्या कॉम्प्युटरवर तोडी लागतात' असं ते पारावर सांगायचे.

तोडणीची यादी हा आमच्या डेटाबेसमधला एक मटेरियलाइज्ड व्ह्यू होता. हा शब्द जड वाटतो, पण गोष्ट सोपी आहे. साधा व्ह्यू म्हणजे साठवून ठेवलेला प्रश्न. तो उघडला की डेटाबेस दर वेळी मूळ तक्त्यांकडं जातो आणि ताजं उत्तर आणतो. मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणजे साठवून ठेवलेलं उत्तर. एकदा काढायचं, डिस्कवर लिहून ठेवायचं आणि सगळ्यांनी तेच वाचायचं. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१३ साली, ९.३ या आवृत्तीत आली. फायदा वेगाचा. पण मूळ तक्त्यात काही बदललं तर साठवलेल्या उत्तराला त्याचा पत्ता नसतो. कुणीतरी 'रिफ्रेश' म्हणेपर्यंत ते जुनंच सांगत राहतं.

नोंदणी, लागणीची तारीख, उसाची जात, शेतकऱ्याचं खातं, टोळ्या, अशा पाच-सहा तक्त्यांतून आमची यादी तयार व्हायची. रात्री दोनला रिफ्रेश, सकाळी चिटबॉयच्या मोबाइलवर. पहिल्या हंगामात हे बरं चाललं. मग शेतकी विभागाला यादी नकाशावर हवी झाली. मागणी रास्त होती. नुसत्या यादीवर टोळी आज या शिवारात, उद्या त्या शिवारात फिरते, ट्रॅक्टरचं डिझेल जळतं. नकाशावर दिसलं तर शेजारशेजारचे प्लॉट सलग तोडता येतील. काम माझ्याकडं आलं: व्ह्यूमध्ये भूमितीचा एक स्तंभ घालायचा.

पहिली अडचण अशी की तयार मटेरियलाइज्ड व्ह्यूला नवा स्तंभ जोडताच येत नाही. साध्या तक्त्याला येतो, याला येत नाही. तो पाडायचा आणि नव्या व्याख्येसह पुन्हा उभा करायचा. पाडला की त्याच्यावरचे इंडेक्स जातात, कुणाला वाचायची परवानगी होती तेही जातं. त्याच्यावर दुसरा व्ह्यू टेकलेला असेल तर पोस्टग्रेस पाडूही देत नाही. 'कॅस्केड' म्हणालात तर देतो, पण मग टेकलेलंही सगळं पडतं.

दुसरी गंमत जागेची. पोस्टजीआयएसमध्ये बिंदू लिहिताना आधी रेखांश, मग अक्षांश. आपल्या तोंडात उलटं बसलंय, अक्षांश-रेखांश. पहिल्या दिवशी मी तोंडातल्या क्रमानं लिहिलं. फलटण साधारण १७.९८ उत्तर, ७४.४३ पूर्व. उलटं केलं की ७४.४३ उत्तर, १७.९८ पूर्व. नकाशा उघडला तर आमच्या तालुक्यातला सगळा ऊस नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर नावाच्या बेटाच्या पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, समुद्रात. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मी तो स्क्रीनशॉट अण्णांनाही पाठवला. त्यांनी उत्तर पाठवलं, 'पाणी मुबलक आहे.'

अशी चूक बरी असते. ती लगेच दिसते.

मग ते नीट केलं. अंशांमध्ये क्षेत्रफळ काढून काही अर्थ निघत नाही, म्हणून सगळं आमच्या पट्ट्याच्या मीटरमधल्या पद्धतीत, ३२६४३ मध्ये नेलं. व्ह्यूमधला स्तंभ हा बहुभुज आहे आणि तो ३२६४३ मधला आहे, हे व्याख्येत ठणकावून लिहिलं, कारण तसं लिहिलं नाही तर नकाशाच्या सॉफ्टवेअरला तो नुसती 'कसली तरी भूमिती' म्हणून दिसतो. मूळ तक्त्यावरचा इंडेक्स व्ह्यूच्या कामाला येत नाही, म्हणून व्ह्यूवर वेगळा अवकाशीय इंडेक्स घातला. गटांचे नकाशे कारखान्यानं डिजिटाइझ करून दिलेच होते. गावाचं नाव आणि गट नंबर यावर ते नोंदणीला जोडले. सगळं शिवार स्क्रीनवर हिरवं झालं.

हंगामात आता दर तासाला रिफ्रेश हवा होता. साधा रिफ्रेश चालू असताना वाचणाऱ्याला थांबून राहावं लागतं. त्यावर २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून उपाय आहे, 'कन्करंटली', म्हणजे वाचणाऱ्याला न अडवता रिफ्रेश. त्याची एक अट असते: व्ह्यूवर असा इंडेक्स हवा, ज्यात प्रत्येक ओळ एकमेव ठरेल. मी गाव आणि गट नंबर यांची जोडी दिली. पोस्टग्रेसनं नकार दिला. ही जोडी एकापेक्षा जास्त वेळा आहे, असा संदेश आला.

नोंदणी क्रमांक दिला असता तर प्रश्न तिथंच मिटला असता. पण मी नकाशाच्या बाजूनं विचार करत होतो. एका गटात दोन नोंदी असल्या की तोच बहुभुज दोनदा, एकावर एक. क्लिक केलं की वरचाच लागायचा. बेरीज केली की चार एकरांचा गट आठ एकर व्हायचा. म्हणून मी 'डिस्टिंक्ट ऑन' लिहिलं: प्रत्येक गटाची एकच ओळ ठेव. कुठली ठेवायची, तर ज्याचं क्षेत्र जास्त त्याची. एक गट, एक आकार, एक ओळ. इंडेक्स बसला, बेरीज जुळली, नकाशा स्वच्छ दिसू लागला. टीममध्ये कुणीही त्या ओळीवर बोट ठेवलं नाही. मी तर नाहीच नाही.

आत्याच्या फोननंतर मी लॅपटॉप उघडला आणि आमचा गट नंबर टाकला. एकच ओळ आली. नाव अण्णांचं. क्षेत्र दोन एकर, 'तोडणी पूर्ण'. मूळ नोंदणीच्या तक्त्यात पाहिलं. तिथं दोन नोंदी होत्या, अण्णांची आणि आत्याची. पोस्टग्रेसनं मला सांगितलं होतं की इथं एकापेक्षा जास्त आहेत. ती अडचण समजून मी दूर केली होती.

इथं थोडं सातबाऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्या सकाळी मला तो पहिल्यांदा नीट समजला. जमिनीत जे काही घडतं, कुणी वारलं, विक्री झाली, वाटणी झाली, ते आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत उतरतं. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग सातबारावर नाव चढतं. सातबारा हा एका अर्थी मटेरियलाइज्ड व्ह्यूच आहे. फेरफारात घडलेल्याचं साठवलेलं उत्तर, आणि रिफ्रेशला कधी महिना लागतो, कधी वर्ष. पण त्यात एक शहाणपण आहे. नाव कमी करायचं झालं तर खोडून टाकत नाहीत, नावाला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक असतो. वीस वर्षांनीही वाचता येतं की इथं कोण होतं आणि कशामुळं गेलं. माझ्या 'डिस्टिंक्ट ऑन'नं कंस केला नव्हता. फेरफार क्रमांकही दिला नव्हता.

सातबाऱ्यात आकार नसतो. नाव आणि क्षेत्र महसूल खात्याकडं, नकाशा भूमी अभिलेख खात्याकडं. दोन कार्यालयं, दोन रांगा. गटांचे नकाशे बहुतेक ठिकाणी एकत्रीकरणाच्या वेळचे, १९४७ च्या कायद्यानं आखलेल्या योजनेतले. त्याच्याही मागं गेलं तर आमच्याकडून नीरा ओलांडून पूर्वेला इंदापूर आहे. तिथं १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी केलेली पाहणी पुढं मुंबई इलाख्याच्या सर्व्हे पद्धतीचा पाया ठरली. आपण अजून ज्या गुंठ्यात बोलतो तो साखळीनं मोजलेला तुकडा आहे: ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, असे चाळीस म्हणजे एक एकर. तेव्हापासून आजवर नकाशावर एक नंबर आणि त्या नंबरात अनेक माणसं, हे चालत आलंय. पोटहिस्स्याची मोजणी होत नाही तोवर कागदावर चार नावं असतात आणि नकाशावर एकच रेष सगळ्यांच्या भोवतीनं जाते. आतले बांध फक्त त्या माणसांना माहीत असतात. आणि जुन्या चिटबॉयला. त्याच्याकडं वही होती. आत्याच्या नावापुढं त्यानं लिहिलं होतं, 'विहिरीमागं, ओढ्याकडनं वाट.' तो निवृत्त झाला, नवा मुलगा आला, त्याच्या हातात माझी यादी होती.

आत्या पस्तिशीत माहेरी परतली. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, अपघातात गेले आणि सासरी तिचं आणि तिच्या मुलीचं काही जमेना. आजोबांनी तिला विहिरीमागचा तुकडा करायला दिला. कागद काही केला नाही. आजोबा गेले तेव्हा वारस नोंदीत सगळ्यांची नावं लागली: आजी, अण्णा, मुंबईचे काका, आत्या. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क १९९४ साली मिळाला आणि देशभर २००५ साली. पण आमच्याकडं कायद्याच्या पाठोपाठ हक्कसोडपत्र येतं. बहिणीनं तालुक्याला जाऊन सही करायची, भावानं साडी घ्यायची, आणि माहेर उघडं राहतं.

मी बारावीला होतो तेव्हा अण्णांनी एकदा तो विषय काढला. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, काढली. मग म्हणाली, "दादा, रान तू कर पायजे तर. नाव राहू दे." अण्णा उठून बाहेर गेले. पुन्हा तो विषय निघाला नाही. पण घरात तो होता, कायम, कोपऱ्यात ठेवलेल्या पोत्यासारखा.

आमच्या घराला जे कधी जमलं नाही, ते मी एका ओळीत करून टाकलं होतं. आणि ठेवलेली ओळ अण्णांची होती.

त्याच दिवशी मी ऑफिसात सांगितलं. 'डिस्टिंक्ट ऑन'नं गाळलेल्या सगळ्या ओळी बाहेर काढल्या आणि एकेक वाचत बसलो. आकडा इथं सांगत नाही, कारण तो कारखान्याचा डेटा आहे. पण वाचता वाचता एक गोष्ट दिसत गेली. मी निकष क्षेत्राचा लावला होता, त्यामुळं गळालेले सगळे लहान होते. पंधरा गुंठे, वीस गुंठे, एक एकर. धाकटे भाऊ. विधवा बायका. परत आलेल्या बहिणी. कुणाला काढायचं, असं मी कुठंही लिहिलं नव्हतं. मोठं ठेव, एवढंच लिहिलं होतं.

दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. यूनिक इंडेक्स नोंदणी क्रमांकावर आला. बहुभुज गटाचाच राहिला, पण वेगळ्या थरात, नुसती पार्श्वभूमी म्हणून. यादीतल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा एक बिंदू मिळाला, नोंदणीच्या वेळी कृषी सहायकानं रानात उभं राहून घेतलेला. टीममध्ये एकानं सुचवलं की गटाचा बहुभुज क्षेत्राच्या प्रमाणात कापून प्रत्येकाला तुकडा दाखवूया, नकाशा भरलेला दिसेल. मी नको म्हणालो. कापलेला तुकडा नकाशावर अगदी मोजल्यासारखा दिसतो, आणि उद्या कुणीतरी तो मोबाइलवर दाखवून बांध कोरतं. मोबाइलचा जीपीएस उघड्या रानातही चार-पाच मीटर इकडंतिकडं होतो. तीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे साधारण ५५ मीटरची बाजू. एक बाजू पाच मीटर सरकली तर पावणेतीन गुंठे गेले. एवढ्यावर आमच्याकडं पिढ्या कोर्टात जातात. ज्याची हद्द मोजलेली नाही त्याला हद्द द्यायची नाही, बिंदू द्यायचा, असं ठरलं.

शनिवारी स्वारगेटवरून गाडी धरली. जेजुरी, नीरा, लोणंद. लोणंदपासून पुढं रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. घरी पोचलो तर टोळी आत्याच्या रानात शिरलेली. कोयत्यांचा आवाज विहिरीपर्यंत येत होता. आत्या बांधावर उभी होती, वाढ्याची पेंढी बांधत. मी तिला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. एका गटाला एक नाव ठेवायचं मी ठरवलं, मोठ्याचं ठेवलं, म्हणून तुझं गेलं. यंत्रानं केलं नाही, मी केलं.

तिनं पेंढी बांधून संपवली. "म्हंजे चुकून."

"हो. पण तसं लिहिलं मीच."

"किती टन घटलं असंल?"

"वजन झाल्यावर कळेल. थोडं घटलंच असणार."

"मग बिलात तेवढं तू घाल," ती म्हणाली. मला वाटलं ती हसतीये. ती हसत नव्हती. मी घातले. तिनं मोजून घेतले, आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी अण्णा, आत्या आणि मी ओसरीवर बसलो होतो. मी मोबाइलवर नवा नकाशा उघडला. गटाची फिकट रेष, आत दोन ठिपके. आत्यानं चष्मा लावला. "ह्यो दादाचा? आन ह्यो माझा?" तिनं बोट ठेवलं तसा नकाशा सरकला आणि ठिपका स्क्रीनबाहेर गेला. मी परत आणून दिला. या वेळी तिनं बोट न लावता नुसतं पाहिलं.

"भवती रेघ न्हाई काढली?"

"मोजणी झाली की निघेल. पोटहिस्स्याची मोजणी मागावी लागते. सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतील."

यावर कुणी काही बोललं नाही. अण्णा तंबाखू मळत होते. बरड रस्त्याला ट्रॉलीवाल्याचं गाणं वाजत गेलं, ते लांब जाईपर्यंत आम्ही ऐकत बसलो.

"आन मी गेल्यावर?" आत्यानं विचारलं. "ठिपका कुणाचा?"

"फेरफार होईल. ताईचं नाव लागेल." ताई म्हणजे तिची मुलगी, बारामतीला असते.

"आपोआप लागतं?"

"नाही. कुणीतरी अर्ज द्यावा लागतो."

ती अण्णांकडं बघत होती. अण्णांनी तंबाखू दाढेखाली धरली, हात झटकले आणि मला म्हणाले, "मोजणीचा अर्ज मोबाइलवरनं भरता येतो का रे?"

"येतो."

"काय काय लागतं ते बघून ठेव," ते म्हणाले, आणि गाईंना वैरण टाकायला उठले.